पाय आखूड की कंबर तिरकी? चपलेला उंची लावण्याआधीचं मोजमाप आणि नंतरची दुरुस्ती

आधी चप्पल उलटी करून बघा. एका टाचेचं रबर पार घासलंय, दुसरीची नक्षी अजून शाबूत आहे. पायजम्याची एक बाजू खाली लोळते. पेशंट स्वतःच सांगतो, "एक पाय आखूड पडलाय, डॉक्टर." मग घाईघाईत टेप लागतो, दीड सेंटिमीटर फरक निघतो आणि तेवढी उंची चपलेला लावायची चिठ्ठी जाते. दोन महिन्यांनी तोच माणूस पाठदुखी घेऊन परत येतो. हाड आखूड नव्हतंच. खुबा आखडला होता, त्यानं कंबर तिरकी केली होती, आणि आपण त्या तिरकेपणाखाली पाचर ठोकली.

म्हणून पहिला निर्णय एकच: तूट हाडात आहे, सांध्यात आहे, की दोन्हीकडे थोडीथोडी? तो निर्णय होईपर्यंत उंची द्यायची नाही. खालची पद्धत तालुक्याच्या ठिकाणी, एक्स-रेशिवाय, पंधरा-वीस मिनिटांत होते.

सामान

महागडं काही लागत नाही. टेलरचा कापडी टेप नको, तो वापरून ताणला जातो. न ताणणारा फायबरचा टेप घ्या. कोन मोजायला गोनिओमीटर, खुणेला पेन, गवंड्याची लेव्हल बाटली आणि ठोकळे. ठोकळे प्लायवूडचे करून घ्या. बाजारात प्लाय 4, 6, 12 आणि 18 मिमीचा सहज मिळतो; प्रत्येकी दोन तुकडे, 30 बाय 15 सेंमीचे, म्हणजे पूर्ण पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत त्यावर बसतं. "12 मिमी" म्हणून दिलेला प्लाय बऱ्याचदा 11 भरतो. व्हर्नियर कॅलिपरनं मोजा आणि जी जाडी निघेल तीच पेनानं त्यावर लिहा.

आता जमीन. जुन्या दवाखान्यात शहाबादी फरशी असते, आणि धुण्याचं पाणी निघावं म्हणून मोरीकडे उतार दिलेला असतो. त्या उतारावर सरळ माणूससुद्धा तिरका दिसतो. लेव्हल बाटली ठेवून सपाट जागा शोधा आणि तिथं पावलांची खूण करून ठेवा. शंका असेल तर पेशंटला उलट्या दिशेला तोंड करून उभं करा. कंबर आधी उजवीकडे खाली होती आणि आता डावीकडे खाली दिसली, तर दोष फरशीचा आहे.

काय विचारायचं

मोठ्या माणसाला विचारा की लहानपणापासून आहे की नंतर झालं. अपघात, मांडीत रॉड, बदललेला खुबा, आणि हाडवैदाकडे बांधून घेतलेलं फ्रॅक्चर हे स्वतःहून सांगितलं जात नाही. नाव घेऊन विचारा. "पोलिओ झाला होता" असं सांगणारा आता प्रौढच असणार. भारतात नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि मार्च 2014 मध्ये देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. लहान मुलाचा पाय बारीक आणि आखूड दिसला तर पोलिओ म्हणून मोकळं होऊ नका, दुसरं कारण शोधा. 15 वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला असेल तर तो लगेच आरोग्य विभागाला एएफपी (ॲक्यूट फ्लॅसिड पॅरालिसिस) म्हणून कळवायचा असतो.

मुलाच्या बाबतीत आईपेक्षा आजीला जास्त आठवतं. "महिन्याभराचा असताना ताप आला होता, मांडी हलवत नव्हता, लंगोट बदलताना रडायचा" असं एक वाक्य मिळालं तर खुब्यात पू झाला होता असं धरून चाला. तिथं वाढीची चकती, म्हणजे हाडाच्या टोकाशी जिथून हाड लांब होतं तो भाग, जळालेली असते आणि तूट दर वर्षी वाढत जाते. उलट, दोन ते दहा वर्षांच्या वयात मांडीचं हाड मोडलं असेल तर जुळल्यावर तो पाय सेंटिमीटरभर जास्त वाढतो. म्हणजे तक्रार "आखूड" पायाची, आणि खरं तर दुसरा लांब झालेला. कोणता पाय चुकलाय हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुढच्या दोनपैकी एक जरी गोष्ट दिसली तर मोजमाप बाजूला ठेवा. ताप आणि नव्यानं सुरू झालेलं लंगडणं: मूल त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेलं पाहिजे, सकाळपर्यंत थांबायचं नाही. दुसरी, एका बाजूचा हात आणि पाय दोन्ही दुसऱ्या बाजूपेक्षा जाड आणि लांब: अशा मुलात मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरचा धोका असतो, म्हणून सात-आठ वर्षांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी लागते. हे पालकांना नीट, दोनदा सांगा. पाय लहानमोठा आहे म्हणून पोटाची सोनोग्राफी का, असं त्यांना वाटणं साहजिक आहे, आणि एकदाच सांगितलं तर तपासणी सुटते.

उभं करून: ठोकळ्यांची चाचणी

ही चाचणी टेपपेक्षा भरवशाची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करा. टेप घोट्याशी थांबतो. टाचेचं हाड चेपलेलं असेल किंवा वाकड्या पावलाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर तिथली तूट टेपला दिसतच नाही. ठोकळा जमिनीपासून कमरेपर्यंतचं सगळं धरतो.

पेशंट अनवाणी. पावलं खुब्यांच्या बरोबर खाली, टाचा एका रेषेत, गुडघे ताठ, वजन दोन्ही पायांवर. आखूड पायाची माणसं नकळत लांब पायाचा गुडघा वाकवतात, त्यामुळे दोन्ही गुडघ्यांकडे बाजूनं एकदा बघाच. कपड्यांचं काय करायचं हे आधी ठरवा. परकराचा नाडा नेमका कमरेच्या हाडावर बसतो आणि धोतराची गाठही तिथंच असते. नाडा सैल करून वर घ्यायला सांगा, बायकांच्या तपासणीला सोबत बाई हवी. "मावशी, नाडा जरा ढिला करा, हाड हाताला लागायला पाहिजे" एवढं मोकळेपणानं सांगितलं की काम होतं.

आपण मागे बुटक्या स्टुलावर बसायचं, डोळे कमरेच्या पातळीवर. दोन्ही हातांचे पंजे आडवे धरून बाजूची चरबी वर सारायची आणि कमरेच्या हाडाच्या कडेवर टेकवायचे. कमरेच्या मागच्या दोन खळ्याही बघा. आता आखूड बाजूच्या पावलाखाली ठोकळे वाढवत जा, 4, 6, 10 असे, जोपर्यंत दोन्ही हात सारखे येत नाहीत. सारखे आले की थांबू नका. अजून 4 मिमी टाका. कंबर उलट्या बाजूला झुकली तर आधीचा आकडा बरोबर होता. शेवटी पेशंटला विचारा, "आता कसं वाटतंय?" खूप वर्षांचा आखूड पाय असेल तर कंबर समतल आल्यावर माणूस म्हणतो, "आता वाकडं वाटतंय." ते उत्तर टिपून ठेवा. उंची किती सावकाश वाढवायची हे त्याच्यावर ठरतं.

मग त्याच माणसाला लाकडी स्टुलावर बसवा, पाय लोंबते. बसल्यावर कंबर आणि पाठ सरळ झाली तर तिरकेपणा पायांमुळे होता. बसूनही तिरकीच राहिली तर कारण पाठीच्या कण्यात किंवा कमरेच्या हाडात आहे, आणि चपलेखालच्या उंचीनं ते सुटणार नाही.

झोपवून: टेप

टेबल कडक हवं. गादीच्या खाटेवर मोजलेला आकडा वहीत लिहूच नका.

कमरेच्या दोन्ही बाजूंना पुढे जे हाडाचं टोक लागतं, एएसआयएस, ती दोन टोकं आधी एका ओळीत आणा. त्यांना जोडणारी रेष टेबलाच्या कडेशी काटकोनात हवी. याला कंबर चौकोनात आणणं म्हणतात आणि बहुतेक चुका इथंच होतात. खुबा आत ओढून आखडला असेल तर कंबर सरळ करताच तो पाय दुसऱ्या पायाला ओलांडून जाईल. जाऊ द्या. मग चांगला पायही तितक्याच कोनात ठेवा, आणि आता मोजा. एक पाय आत, एक पाय सरळ, असं मोजलं की आकडा खोटा निघतो.

खरी लांबी: एएसआयएसच्या खालच्या कपारीत टेपचं टोक अंगठ्यानं वर दाबून धरायचं, तिथून गुडघ्याच्या आतल्या बाजूनं घोट्याच्या आतल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. दोन्ही बाजू तीनतीन वेळा मोजा, टेप प्रत्येक वेळी उचलून, आणि सरासरी लिहा. एवढं करूनही हातात सेंटिमीटरभर चूक राहते. त्यामुळे "7 मिमी आखूड" असा टेपचा निष्कर्ष लिहिण्यात अर्थ नाही.

दिसणारी लांबी: कंबर सरळ न करता, माणूस जसा पडलाय तसा, बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंत. खरी लांबी सारखी आणि दिसणारी वेगळी असेल तर हाड ठीक आहे, खुबा किंवा कणा कंबर तिरकी करतोय. दोन्ही वेगळ्या आल्या तर दोन्ही कारणं आहेत, आणि उपचारही दोन्हीचे करायचे आहेत.

आकडे डोळ्यासमोर असू द्या. दोन खुब्यांच्या मध्यांमध्ये साधारण 17-18 सेंमी अंतर असतं. कंबर 10 अंश तिरकी झाली की फक्त तेवढ्यानं 3 सेंमीचा फरक दिसतो. खुबा आत आखडला तर पाय आखूड भासतो, बाहेर आखडला तर लांब. गुडघ्याचंही तसंच: 80 सेंमीचा पाय गुडघ्यात 20 अंश वाकून आखडला की सव्वा सेंमी जातो, 30 अंशांना पावणेतीन. टाच वर ओढली गेली असेल तर उलटं, पाय लांब पडतो, आणि माणूस तो फरफटत किंवा बाजूनं फेकून चालतो. म्हणून थॉमस चाचणी (खुबा पुढे वाकून आखडलाय का ते बघायची), खुब्याचं आत-बाहेर जाणं, गुडघ्याचा ताठपणा आणि घोट्याचं वर येणं ही चार मापं गोनिओमीटरनं काढल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं धरू नका.

तूट कुठल्या हाडात आहे? उताणं झोपवून दोन्ही गुडघे काटकोनात वाकवा, टाचा जुळवून ठेवा. पायथ्याकडून बघा: एक गुडघा खाली दिसला तर नडगी आखूड. बाजूनं बघा: एक गुडघा मागे राहिला तर मांडी आखूड, किंवा खुबा निखळलेला. मांडीचं हाड वर सरकलंय का ते बघायला एएसआयएसमधून टेबलाकडे सरळ उभी रेष कल्पा आणि मांडीच्या बाहेरच्या उंचवट्याच्या टोकापासून त्या रेषेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ज्या बाजूला कमी, तिथं त्या उंचवट्याच्या वर, खुब्याजवळ तूट आहे. दोन्ही खुबे खराब असतील तर ही तुलना निरुपयोगी ठरते. जन्मतः दोन्ही खुबे निखळलेल्या बाळात गुडघ्यांची चाचणीही अशीच फसवते. गुडघे अगदी सारखे दिसतात.

बाळांसाठी एक सांगायलाच हवं. पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून गुंडाळणं खुब्याला वाईट, आणि पाय फाकवून कडेवर घेणं चांगलं. पहिल्या चार-सहा महिन्यांत खुब्याची सोनोग्राफी, त्यानंतर एक्स-रे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, आणि निखळलेला खुबा त्यांच्या यादीत आहे. संशय असेल तर बाळाचं नाव त्या पथकाकडे नोंदवून घ्या.

एक्स-रे कधी

ठोकळ्यांवर 2 सेंमीपेक्षा जास्त फरक, वाढीचं वय, किंवा ऑपरेशनचा विचार, यातलं काहीही असेल तर खुब्यापासून घोट्यापर्यंतची उभ्यानं काढलेली लांब फिल्म हवी. चिठ्ठीवर नुसतं "स्कॅनोग्राम" (पायांची लांबी मोजायचा एक्स-रे) लिहून भागत नाही. लिहा: उभ्यानं, गुडघ्याच्या वाट्या समोर, आखूड पायाखाली इतक्या मिमीचा ठोकळा ठेवून, सोबत मापाची पट्टी किंवा गोळी. ठोकळा न ठेवता काढली तर पेशंट गुडघा वाकवतो आणि फिल्म वाया जाते. मुलांना सोबत डाव्या मनगटाचा एक्स-रे, हाडांचं वय काढायला. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभाग आहेत. पाठवताना आपली मापं चिठ्ठीवर जोडून पाठवा.

किती फरकाला काय

1 सेंमीपर्यंतचा फरक धडधाकट माणसांतही सर्रास सापडतो. पाठ दुखतेय आणि 6 मिमी फरक आहे, म्हणून दोघांची गाठ मारू नका. प्रौढात 2 सेंमीपर्यंत त्रास नसेल तर काहीच करायचं नाही, असेल तर उंची. 2 ते 5 सेंमी: उंची, किंवा वाढीच्या वयात लांब पायाची वाढ थांबवणं, किंवा प्रौढात क्वचित लांब हाड थोडं कमी करणं. 5 सेंमीच्या पुढे हाड लांबवण्याचा विचार होतो. 15-20 सेंमीच्या तुटीला बऱ्याचदा कृत्रिम अवयव जोडलेला बूट हाच सरळ मार्ग ठरतो.

भासमान तुटीला, म्हणजे हाड सारखं पण पाय आखूड दिसतो अशा वेळी, उंची नाही, ताण द्यायचा. खुबा पुढे आखडलाय: दिवसातून दोनदा 20 मिनिटं पालथं झोपणं, पोटाखाली उशी न घेता. आतले स्नायू, मांडीमागचे, पोटरीचे: 30 सेकंदांचा ताण, चार वेळा, दिवसातून दोनदा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याचा व्यायाम खुब्याच्या बाजूच्या स्नायूला. दहाच्या तीन फेऱ्या, आठवड्याला पाच दिवस. सहा आठवड्यांनी पुन्हा ठोकळ्यांवर मोजा. खुबा बदलल्यानंतर पहिल्या तीन-चार महिन्यांत "हा पाय लांब झाला" अशी तक्रार फार येते. स्नायू सैल झाले की बरीचशी जाते. तोवर दुसऱ्या पायाला कायमची उंची लावून बसू नका.

पाय ओढून "कंबर बसवून" दोन्ही टाचा जुळवून दाखवणारे सगळीकडे आहेत. झोपलेल्या माणसाच्या टाचा कंबर इंचभर हलवली की जुळतात, आणि उठून चालला की फरक परत येतो.

उंची लावणं

ठोकळ्यांवर जेवढी तूट निघाली तेवढी पूर्ण भरायची नाही. अर्धा ते एक सेंमी कमी ठेवा. पोलिओच्या पायाला तर हे विसरूच नका. पाऊल उचलायची ताकद नसते, त्यामुळे तो पाय थोडा आखूडच बरा. पूर्ण भरला की चवडा जमिनीला अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. मांडी कमजोर असलेले कित्येक जण हातानं मांडी दाबून गुडघा मागे रोवून उभे राहतात. अशांना फक्त टाचेची उंची दिली तर गुडघा पुढे ढकलला जातो आणि त्याचं कुलूप सुटतं. चपलेला हात लावायच्या आधी त्यांचं चालणं नीट बघा.

1 सेंमीपर्यंत उंची बुटाच्या आत बसते: टाचेखाली पूर्ण जाडी, पावलाच्या मध्यापर्यंत उतरत शून्यावर. त्याहून जास्त आत घातली की टाच बुटातून निसटते. मग तळाला बाहेरून लावावी लागते. आणि बाहेरून लावताना फक्त टाच वाढवू नका. 3 सेंमीची उंची असेल तर टाचेला 3, चवड्याखाली 2, बोटांच्या टोकाला 1 सेंमी, आणि पुढचं टोक वर वळवलेलं, म्हणजे पाऊल झोकानं पुढे जातं. नुसती टाच वाढवली तर पोटरी आखडते आणि वर्षभरात आपण एक नवा दोष तयार केलेला असतो.

चप्पल निवडताना: अंगठ्याची साधी चप्पल चालत नाही, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवा. पट्टा नसला की जड तळ लोंबतो आणि घोटा मुरगळतो. मटेरिअल ईव्हीए किंवा मायक्रोसेल्युलर रबर, नखानं जोरात दाबलं तर खड्डा राहू नये इतकं कडक. मऊ फोम महिन्याभरात बसतो, आणि 3 सेंमीची उंची दोनवर येते.

कारागिराला चिठ्ठीवर चित्र काढूनच द्या, आकड्यांसकट, डावा-उजवा मोठ्या अक्षरात. मूळ तळ सोलून काढायचा. दोन्ही पृष्ठभाग कानशीनं खरवडायचे, सोल्युशन दोन्हीकडे लावायचं आणि बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही इतपत, दहा-पंधरा मिनिटं, सुकू द्यायचं. मग दाबून ठोकायचं, रात्रभर वजनाखाली. घाईत ओलं सोल्युशन दाबलं की ते आतून सुकत नाही आणि पहिल्याच पावसात थर सुटतात. नवी उंची खाली थोडी रुंद ठेवायची, बाहेरच्या बाजूला 5 मिमी जास्त, म्हणजे पाऊल कलत नाही. शेवटी सोललेला मूळ नक्षीचा तळ परत खाली लावायचा. काळ्या रानात चालणाऱ्याला हे फार महत्त्वाचं: गुळगुळीत ईव्हीए ओल्या काळ्या मातीवर साबणासारखं घसरतं. शिवाय चिखल तळाला थरावर थर चिकटतो. शेतकऱ्याला सांगून ठेवा, बांधावर आल्यावर दोन्ही चपला खरवडायच्या, नाहीतर आपला मोजून काढलेला फरक चिखलानं बदलतो.

घरात मात्र सगळे अनवाणी. दिवसातले चौदा तास घरात जाणाऱ्या बाईला बाहेरच्या सँडलला लावलेली उंची काय कामाची? तिला घरासाठी त्याच उंचीची वेगळी, हलकी, पाण्यात चालणारी सँडल द्या. चूल किंवा गॅसचा ओटा, पाणी, अंगण, इथंच तिचा उभं राहण्याचा वेळ जातो. सासूबाईंना समोर बसवून सांगा की ही घरातली चप्पल म्हणजे औषध आहे, नाहीतर ती आठ दिवसांत दाराबाहेर जाते.

वाढवण्याचा वेग: वर्षानुवर्षांची 3 सेंमीची तूट असेल तर 1 सेंमीनं सुरुवात, मग दर दोन-तीन आठवड्यांनी 5 मिमी. सुरुवातीला दिवसातून दोन तास, रोज तासभर वाढवत. मधेच पाठ किंवा गुडघा नव्यानं दुखायला लागला तर एक पायरी मागे. अपघातानंतरची ताजी तूट मात्र लवकर भरता येते, शरीर अजून वाकडं चालायला शिकलेलं नसतं.

वाढीच्या वयात

आजची तूट आणि वाढ थांबल्यावरची तूट या वेगळ्या गोष्टी. जन्मजात आखूड हाडात प्रमाण कायम राहतं. मुलीच्या पायाची निम्मी लांबी साधारण तिसऱ्या वर्षी आणि मुलाची चौथ्या वर्षी भरलेली असते. म्हणजे तीन वर्षांच्या मुलीत जन्मजात 3 सेंमी तूट असेल तर मोठेपणी 6 सेंमी. वाढीची चकती दुखावली असेल तर हा गुणाकार लागू नाही, तिथं दर सहा महिन्यांनी मोजून वेग काढावा लागतो.

लांब पायाची चकती थांबवण्याचा हिशोब असा: गुडघ्याच्या वरची चकती वर्षाला सुमारे 9-10 मिमी आणि खालची सुमारे 6 मिमी वाढ देते, मुलींची वाढ 14 ला आणि मुलांची 16 ला थांबते असं धरून. हाडांचं वय 13 असलेल्या मुलात वरची चकती थांबवली तर तीन वर्षांत पावणेतीन सेंमी भरून निघते. 15 व्या वर्षी आणलं तर सेंटिमीटरभरच. छोटं ऑपरेशन, पण वेळ चुकली की गेलं. ही वेळ पालकांना आकड्यासकट, महिना सांगून लिहून द्या.

हाड लांबवताना

हे ऑपरेशन सर्जनचं, पण पुढचे सहा-आठ महिने पेशंट आपल्याच गावात असतो. इलिझारोव्ह पद्धतीत पायाभोवती कड्यांची चौकट (फिक्सेटर) हाडातून घातलेल्या तारांवर बसवतात आणि तिचे नट फिरवून हाड लांबवतात. हाड कापल्यावर 5-7 दिवस थांबतात, मग दिवसाला 1 मिमी, चार वेळा पाव-पाव मिमी. सकाळी 6, दुपारी 12, संध्याकाळी 6 आणि झोपताना, असं बांधून द्या आणि प्रत्येक फिरवणीला वहीत टिक. नटावर नेलपॉलिशनं खूण करा, म्हणजे कुठून कुठे फिरवलं ते घरच्याला दिसतं. उलटं फिरवणं ही घरी सर्वांत जास्त होणारी चूक. लांबवणं 5 सेंमीचं असलं तरी हाड पक्कं व्हायला सेंटिमीटरमागे महिना-दीड महिना धरा. बिडी आणि तंबाखू बंद. निकोटीननं हाड भरणं मंदावतं.

रोज बघायचं: तारेभोवती लाली, पू, ताप. पायाची बोटं वर उचलता येतात का, पावलावर बधिरपणा आला का. आला तर फिरवणं थांबवून त्याच दिवशी सर्जनला फोन. टाच वर ओढली जाऊ नये म्हणून पावलाला पट्टा बांधून वर धरून ठेवा. गुडघा 45 अंशांपेक्षा कमी वाकायला लागला तर वेग कमी करायला सर्जनला सांगा. लांब पण ताठ पायाला मांडी घालता येत नाही, आणि आपल्याकडे जेवण, पूजा, शेतातली बैठक सगळी जमिनीवरच आहे.

ऊसतोडीचं कुटुंब असेल तर तारखा आधी जुळवा. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाहीत. त्या सहा महिन्यांत फिक्सेटर असेल तर कोपीवर (तोडीच्या झोपडीवर) नट कोण फिरवणार? मुलाची सहामाही तपासणी जायच्या आधी आणि आल्यावर, अशी दोनदा ठेवा. आणि कार्डावर असं लिहा की सांगली-कोल्हापूरकडचा किंवा कर्नाटकातला डॉक्टरही वाचू शकेल: "डावा आखूड. ठोकळे 18+6 ला कंबर समतल. खरी लांबी उजवी 78.5, डावी 76. खुबा मोकळा, गुडघा 0, टाच टेकते. नडगीत तूट. उंची दिली: टाच 15, चवडा 8, टोक 3 मिमी. पुढचं मोजमाप अक्षयतृतीयेला." कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात, रेशनकार्डासोबत.